कोरोना निर्बंधांच्या काळातली सायकल भटकंती: हरसूल–पेठ झालं, भंडारदरा राहिलं

गोदाकाठी | १६ ऑगस्ट २०२१

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आम्ही मित्र सायकलवर नाशिक–गिरणारे–वाघेरा घाट–हरसूल–पेठ–करंजाळी–नाशिक असा फेरा मारून आलो. प्रवासवर्णन लिहायचं नाहीये. वाट ठरवताना काय काय आडवं आलं ते लिहितो, कारण पुढचे काही महिने सगळ्यांनाच ते लागणार आहे. आणि एका मुद्द्यावर तुमचं मत हवंय.

मूळ बेत भंडारदऱ्याचा होता. घोटीहून वळायचं, बारीमार्गे धरणावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाटघर, तिसऱ्या दिवशी परत. गेल्या पावसाळ्यापासून ठरत होतं. पण एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत नाशिक शहराने जे पाहिलं त्यानंतर कुणाच्या तोंडी सायकलचं नाव नव्हतं. मे महिन्यात जिल्ह्यात कडक लॉकडाऊन लागला तेव्हा तर सायकली घरातच धूळ खात होत्या.

४ जूनला राज्याचा पाच स्तरांचा आदेश आला. जिल्ह्याचा बाधित दर (तपासणी केलेल्यांत बाधित किती) आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या आहेत यावर स्तर ठरणार होता. त्या तक्त्यात मैदानं, चालणं आणि सायकलिंग यांची चक्क वेगळी ओळ होती. पहिल्या दोन स्तरांत काही आडकाठी नाही, तिसऱ्यात रोज पहाटे ५ ते ९, चौथ्यात तीच वेळ पण फक्त सोमवार ते शुक्रवार, पाचव्यात पूर्ण बंद. नाशिक तिसऱ्यात. त्यामुळे जून-जुलै आमचं एकच वेळापत्रक होतं: पाचच्या ठोक्याला घराबाहेर, गंगापूर रोडने सोमेश्वर, धरण, जमलं तर गिरणारे, आणि नऊच्या आत घरी. २५ जूनला विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराच्या भीतीने सगळ्याच जिल्ह्यांना किमान तिसरा स्तर लागू झाला, त्यामुळे बाधित दर कितीही खाली आला तरी सवलत मिळायची नाही हे कळून चुकलं.

मग २ ऑगस्टचा आदेश आला. नाशिकला मोकळीक मिळाली: दुकानं रात्री आठपर्यंत, शनिवारी तीनपर्यंत, रविवारी बंद. व्यायाम, चालणं, सायकल यासाठी मैदानं-बागा खुल्या. पण तिसऱ्या स्तराचे निर्बंध कायम ठेवलेल्या अकरा जिल्ह्यांत नगर होतं, आणि भंडारदरा अकोले तालुक्यात, म्हणजे नगरमध्ये. पालघरही त्याच यादीत, त्यामुळे जव्हार-मोखाड्याचा पर्यायही गेला. सापुताऱ्याला जायचं तर राज्याची हद्द ओलांडायची, त्यात आरटी-पीसीआरच्या अहवालाचा प्रश्न. नकाशा समोर ठेवून जिल्ह्याच्या हद्दीत काय बसतं ते पाहत गेलो तेव्हा हरसूल-पेठची वाट हाती लागली. इतकी वर्षं ही वाट आपल्या डोळ्यांसमोर होती, पण पाय कायम त्र्यंबक नाहीतर घोटीकडे वळायचे.

आता मुद्द्याचं. हरसूलच्या अलीकडे एका पाड्यावर एक कुटुंब पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतं. त्यांना फोन केला. दादा लगेच हो म्हणाले नाहीत. "गावात विचारतो, मग सांगतो," म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. या, पण गावात हिंडायचं नाही, आमच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं नाही, पडवीतच झोपायचं, जेवण पडवीतच मिळेल. आम्ही सगळं मान्य केलं. निघायच्या आधी सगळ्यांनी तपासणी करून घेतली. आमच्यातल्या तिशीतल्या दोघांना जूनच्या शेवटी पहिला डोस मिळालाय, म्हणजे ८४ दिवसांच्या हिशेबाने दुसरा सप्टेंबरच्या शेवटी. त्यांनी स्वतःहून सांगितलं की आम्ही अंगणाच्या बाजूला झोपू.

वाट सांगतो. गिरणाऱ्यापर्यंत सरळ रस्ता, पुढे काश्यपी धरणाचं पाणी दिसायला लागलं की चढ-उतार सुरू. वाघेरा घाट लांबलचक नाही, पण वळणांवर शेवाळ धरलेलं असतं आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, त्यामुळे उतारावर हात सैल सोडू नका. यंदा ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आहे, खाचरातली भातं पिवळी पडायला लागली होती. पेठहून परत येताना कोटंबी घाट आणि मग सावळघाट. हा हायवे आहे, गुजरातकडे जाणारे ट्रक भरपूर. टेल लाइट दिवसाही चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो. आम्ही राहिलो त्या घराच्या मागच्या भिंतीला एक लेडीज सायकल टेकवून ठेवली होती. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतात, त्यातली. दादांच्या मुलीला मिळालेली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हापासून सायकल जागेवर. दोन्ही चाकं बसलेली, चेन गंजून एकसंध झालेली, फ्रीव्हील फिरायलाच तयार नाही. आम्ही तिथेच मांडी ठोकली. चेनवर तेल सोडून ठेवलं, तासाभराने कड्या एकेक करून हलायला लागल्या. पण चाकांचं काय? आमच्याकडच्या ट्यूब ७०० सी मापाच्या, तिच्या सायकलला कशा बसणार? ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवल्या तर पंक्चर कुठेच नाही. मग व्हॉल्व्ह उघडला. या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर एक बोटभर रबरी नळी चढवलेली असते, ती वाळून तिचे तुकडे पडले होते. हवा तिथूनच गेली होती. ती नळी पाड्यावरच्या किराणा दुकानात बरणीत मिळाली, अगदी किरकोळ पैशांत. आमचा पंप त्या व्हॉल्व्हला धरेना, मग शेजारून उभा पंप आणला. मुलगी सगळा वेळ उंबऱ्यात उभी राहून बघत होती. चाकात हवा भरल्यावर तिने एकच प्रश्न विचारला: "हे मला करता येईल ना?" आम्ही व्हॉल्व्ह पुन्हा काढला आणि नवी नळी तिच्याकडूनच बसवून घेतली.

तर प्रश्न असा. आदेशात बसतं एवढ्यावर निघावं का? माझं मत असं की आदेश आपल्याला रस्त्यावर यायची परवानगी देतो, कुणाच्या पडवीत झोपायची परवानगी तो देऊ शकत नाही. ती त्या गावाने द्यायची. गाव नको म्हणालं तर मुक्काम नाही, दिवसाचा फेरा मारून घरी. तुम्हाला काय वाटतं?

मखमलाबादची | १६ ऑगस्ट २०२१

सायकलचा प्रसंग वाचून फार बरं वाटलं. पण तुमच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि स्पष्टच लिहिते.

तुम्ही म्हणता गाव हो म्हणालं. त्या दादांना नाही म्हणणं शक्य होतं का? दीड वर्ष पाहुणा नाही. अशा वेळी समोरून फोन येतो, अमुक माणसं आहेत, मुक्काम आहे, जेवण आहे. घरात चूल पेटायची असेल तर माणूस मनात भीती असली तरी हो म्हणतो. त्या होकाराला परवानगी समजणं मला पटत नाही.

एप्रिलमध्ये माझे काका गेले. खाटेसाठी आम्ही रात्रभर फोन करत होतो. जिथे एक ग्रामीण रुग्णालय आणि पुढे थेट नाशिक, अशा भागात हा आजार आपल्या हातून पोचला तर काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसतं. म्हणून मी अजून मुक्कामाची सफर केलेली नाही. पहाटेची सायकल चालू आहे, तेवढी पुरते.

गोदाकाठी | १६ ऑगस्ट २०२१

काकांचं वाचून वाईट वाटलं. एप्रिलने आपल्यातल्या कुणालाच सोडलं नाही.

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो आमच्यातही निघाला होता. म्हणूनच आम्ही एक केलं, जे वर लिहायचं राहिलं. पहिल्याच फोनवर मुक्कामाचे आणि जेवणाचे सगळे पैसे पाठवून दिले आणि सांगितलं, आता गावात विचारा. गाव नाही म्हणालं, नवा आदेश आला, किंवा तुम्हालाच नको वाटलं, तरी हे पैसे परत द्यायचे नाहीत. सगळं ठीक झालं की आम्ही तेवढ्याच पैशांत कधीतरी येऊ. नाही म्हटल्याने त्यांचा एक रुपयाही बुडणार नव्हता, तेव्हा कुठे त्यांच्या हो ला अर्थ आला. दादांनी विचारायला दोन दिवस घेतले ते त्यामुळेच, असं मला वाटतं. पैशांसाठीच होकार द्यायचा असता तर तो त्याच फोनवर मिळाला असता.

रुग्णसेवक | १७ ऑगस्ट २०२१

शहरातल्या एका दवाखान्यात काम करतो, सायकलही चालवतो. तीन गोष्टी.

लोक विचारतात की एकामागे एक सायकल चालवताना किती अंतर ठेवायचं. २०२० च्या एप्रिलमध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी संगणकावर हवेच्या झोताचा अभ्यास करून वेगात सायकल चालवणाऱ्यांसाठी २० मीटर सुचवलं होतं. तो थेंब कुठवर उडतात याचा अभ्यास होता, लागण किती होते याचा नव्हता. मोकळ्या रस्त्यावर, वाऱ्यात, मला त्याची फार काळजी वाटत नाही. खरा धोका बंद खोलीत आहे: दारं-खिडक्या लावून एका खोलीत झोपणं, चहाच्या टपरीत दाटीवाटीने बसणं, एकाच जीपमध्ये सायकली टाकून परत येणं. दादांनी पडवी दिली ते वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर केलं.

दुसरं, चढावर एन-९५ घालून दम काढू नका. चढ सुटे सुटे, मास्क खाली करून चढा, माणसं दिसली की मास्क वर.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घाटात पडलात, खांद्याचं हाड मोडलं, तर तुम्ही कुणाची तरी खाट आणि कुणाचा तरी वेळ घेणार. एप्रिल-मे मध्ये मी मित्रांना याच कारणासाठी थांबवत होतो. आज खाटा रिकाम्या आहेत म्हणून गप्प आहे. उतारावर वेग आवरा. आणि ज्यांना हा आजार होऊन गेलाय त्यांनी पहिल्याच दिवशी घाट अंगावर घेऊ नये. सपाटीवर काही आठवडे चालवून, दम लागतो का, छाती भरून येते का हे बघून मगच निघावं.

त्र्यंबककर | १७ ऑगस्ट २०२१

आमच्याकडचं सांगतो. श्रावण सुरू आहे आणि देवळाचं दार बंद. तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी गेल्या वर्षी नाही, यंदाही नाही. फुलवाले, खोल्या देणारे, पूजा सांगणारे, सगळे बसून आहेत. संत निवृत्तिनाथांची पालखी दोन्ही वर्षं बसने पंढरपूरला गेली. पायी वारीची शेकडो वर्षांची रीत, तिने थांबायचं ठरवलं, त्यापुढे आपली सहल ती काय?

पण दुसऱ्या बाजूने, शनिवार-रविवारी पहिण्याला काय गर्दी होत होती ते पाहिलंय. गाड्या भरून माणसं, धबधब्याखाली एकमेकांच्या अंगावर, मास्क नावाला नाही. गावाने नको म्हटलं तर हुज्जत. त्यामानाने सायकलवाले आठवड्याच्या मधल्या दिवशी विचारून आले, पडवीत राहिले, कचरा परत नेला, तर माझी काही तक्रार नाही. येताना वस्तू मात्र गावातून घ्या. शहरातून पिशवी भरून आणून इथे फक्त कचरा टाकू नका.

सावळघाट | १८ ऑगस्ट २०२१

आपण नाशिककर सायकलचा अभिमान बाळगतो. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेतली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्यानंतर शहरात घरटी सायकल आली म्हटलं तरी चालेल. पण त्या सायकली जातात कुठे? गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, फार तर वणी. पेठ तालुक्यात आमच्या गावावरून हेल्मेटवाला माणूस गेला तर पोरं अजून धावत रस्त्यावर येतात.

मखमलाबादच्या ताईंचं म्हणणं मला समजतं. तरी एक सांगू? आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात. ते येणं-जाणं पोटासाठी आहे, ते कुणी थांबवू शकलं नाही. आजार येणार असेल तर त्या वाटेनेही येतो. आम्हाला पाहुण्याची भीती नाही, न विचारता येणाऱ्याची आहे. गेल्या वर्षी आम्ही रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या त्या त्याच्यासाठीच.

हरसूलचा_मास्तर | २० ऑगस्ट २०२१

मी याच भागात शिकवतो. धाग्यातला सायकलचा भाग दोनदा वाचला.

ती एक सायकल नाही, अशा पुष्कळ आहेत. १५ जुलैपासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग ग्रामपंचायतीच्या ठरावाने सुरू करायला परवानगी आहे. आमच्याकडे अजून ठराव झाला नाही, कारण मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरून येतात आणि प्रत्येक गावाची स्थिती वेगळी. मोबाईलवरचं शिक्षण म्हणजे एका टेकडीवर रेंज येते तिथे मुलं जमतात, त्यातही फोन वडिलांचा, आणि वडील कामाला गेले की फोन गेला. शाळा कधी ना कधी सुरू होईल. तेव्हा दीड वर्ष उभ्या राहिलेल्या सायकली घेऊन मुली कशा येणार, हा प्रश्न मला भेडसावतोय. पालक म्हणतात, सायकल बिघडली. खरं तर बहुतेक ठिकाणी तीच रबरी नळी, गंजलेली चेन आणि फाटलेले ब्रेकचे रबर. पण दुरुस्तीचं दुकान हरसूलला, आणि बंद पडलेली सायकल तिथवर न्यायची कशी? मुलगी चालत येऊ शकली नाही तर घरी बसेल, आणि एकदा घरी बसली की लग्नाचं बोलणं सुरू होतं. हे मी डोळ्यांनी बघतोय.

तुमच्यापैकी कुणी हे हातात घेईल का? आजच या असं म्हणत नाही. शाळेची तारीख कळली की इथे लिहीन.

मखमलाबादची | २० ऑगस्ट २०२१

सर, यासाठी मी येईन. दिवसाचा फेरा, मुक्काम नाही, काम अंगणात. तारीख कळवा. आणि गोदाकाठी, पैसे आधी देऊन नाही म्हणायची मोकळीक ठेवण्याचं तुमचं म्हणणं मला पटलं. मुक्कामाबद्दलचं माझं मत तसंच आहे.

कळसूबाई | २१ ऑगस्ट २०२१

अकोले तालुक्यातून लिहितोय. तुम्ही आला नाहीत ते ठीक केलंत. बारीजवळ नाकाबंदी असायची, नाशिक-मुंबईच्या गाड्या तिथून माघारी जायच्या. १५ ऑगस्टपासून हॉटेलांना रात्री दहापर्यंत परवानगी मिळाली, पण नगर जिल्ह्यात रुग्ण अजून बऱ्यापैकी आहेत. थोडं थांबा. पाणी कुठे जात नाही.

हरसूलचा_मास्तर | २९ सप्टेंबर २०२१

धागा वर काढतोय. ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू होणार. आमच्या शाळेत पालकांची संमतीपत्रं गोळा करणं चालू आहे. रविवारी, ३ तारखेला, शाळेच्या मैदानात सायकली आणायला सांगतोय. ज्या चालतच नाहीत त्या आणण्यासाठी एका पालकाने पिकअप द्यायचं कबूल केलंय. तुमच्यापैकी कोण येतंय?

गोदाकाठी | ३० सप्टेंबर २०२१

आम्ही येतोय. दोन्ही डोस झालेलेच येतील. सायकल चालवत येणार, सुटे भाग एकाच्या मोटारीत. मुलींच्या सायकलींची चाकं किती इंची ते आधी मोजून कळवा, म्हणजे टायर-ट्यूब त्याच मापाच्या आणू.

कळसूबाई | ४ ऑक्टोबर २०२१

इकडची खबर. नगर जिल्ह्यातल्या ६१ गावांत आजपासून १३ तारखेपर्यंत लॉकडाऊन लावलाय. तिकडे राज्यभर शाळा उघडतायत, ७ तारखेला घटस्थापनेला देवळं उघडणार, आणि इथे या गावांना पुन्हा कुलूप. दसऱ्याच्या सुट्टीत भंडारदऱ्याचा बेत कुणाच्या मनात असेल तर वाटेतल्या गावांची यादी तपासून घ्या, जिल्हा एक असला तरी गावागावात फरक आहे.

गोदाकाठी | ४ ऑक्टोबर २०२१

आमचा दसऱ्याचा बेत होता, तो रद्द. भंडारदऱ्याच्या घरमालकांना पैसे गेलेले आहेत, ते तसेच राहू देत.

काल मैदानावर जे झालं ते थोडक्यात: दिवसभर व्हॉल्व्ह, चेन आणि ब्रेक. मखमलाबादच्या ताईंनी मुलींचा एक गट घेऊन ब्रेकचे रबर कसे बदलायचे ते शिकवलं. काही सायकलींचे टायर कडेने फाटलेले निघाले, त्यांना नवे टायर पुरले नाहीत. बाकी सगळ्या मुली सायकल चालवत घरी गेल्या.

नवीन_चाक | १० जानेवारी २०२२

नमस्कार. गेल्या वर्षीच सायकल घेतली, हा धागा आज पूर्ण वाचला. आम्ही पाच जण या महिन्यात हरसूलची वाट करणार होतो. आजपासूनच्या आदेशात पहाटे ५ ते रात्री ११ पाच किंवा अधिक जणांनी एकत्र फिरायचं नाही, किल्ले आणि पर्यटनस्थळं बंद. दोन आणि तीन असे वेगळे निघालो तर चालेल का?

रुग्णसेवक | १० जानेवारी २०२२

आदेशाच्या अक्षराने चालेल. पण संध्याकाळी पाचही जण एकाच पडवीत येणार ना? ओमायक्रॉन वणव्यासारखा पसरतोय, आमच्याकडे निम्मा स्टाफ घरी आहे. आजार बहुतेकांना सौम्य होतोय हे खरं, पण पाड्यावरच्या सत्तरीच्या आजीचा दुसरा डोस झालाय की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. दोघं-तिघं मिळून गिरणाऱ्यापर्यंत जा आणि परत या. हा महिना जाऊ दे.

हरसूलचा_मास्तर | ११ जानेवारी २०२२

शाळा पुन्हा बंद. यावेळी मुलींना सांगितलंय की आठवड्यातून एकदा सायकल बाहेर काढायची, फिरवायची, हवा बघायची.

नवीन_चाक | ११ जानेवारी २०२२

डॉक्टर, ऐकलं. पुढे ढकललं. त्या दादांचा नंबर गोदाकाठींकडून व्यक्तिगत निरोपातून घेतो आणि पैसे आधीच पाठवून ठेवतो.

गोदाकाठी | २१ फेब्रुवारी २०२२

१ फेब्रुवारीपासून पर्यटनस्थळं पुन्हा खुली झाली, आणि शेवटी भंडारदरा झालं. घरमालकांकडे आमचे पैसे इतके दिवस होते. त्यांनी मध्यंतरी त्यातून छपराचे पत्रे बदलून घेतले असं त्यांनीच सांगितलं, ऐकून बरं वाटलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: घोटीपर्यंत मुंबई हायवेच्या कडेने चालवावं लागतं, तेवढा टप्पा पहाटे लवकर उरका. घोटी सोडल्यावर रहदारी एकदम कमी होते. बारीचा चढ दुपारच्या उन्हात घेऊ नका, फेब्रुवारीतही तापतो. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाची भिंत १९२६ ची, तिच्या खालचा बाग आणि पुढे रंधा धबधबा सगळे पाहतात. पाणी आता थोडं आहे, धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच यावं लागेल. घाटघरच्या रस्त्याला खडी उघडी पडली आहे, बारीक टायर असेल तर हवा थोडी कमी ठेवा.

कळसूबाई | २१ फेब्रुवारी २०२२

आलात आणि भेटला नाहीत! पुढच्या वेळी राजूरला चहाला थांबा.

हरसूलचा_मास्तर | २४ फेब्रुवारी २०२२

वर्ग सुरू झालेत, हजेरी बरी आहे. ऑक्टोबरमध्ये टायर पुरले नव्हते त्या मुली अजून चालत येतायत. शिवाय शेजारच्या दोन शाळांनी विचारलंय. मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू व्हायच्या आत एक रविवार मिळेल का? सायकलींची मापं घेऊन ठेवली आहेत: बहुतेक २४ इंची, थोड्या २६.

मखमलाबादची | २४ फेब्रुवारी २०२२

६ मार्चचा रविवार धरूया. टायर-ट्यूब मी घाऊक दुकानातून उचलते, खर्च वाटून घेऊ. व्हॉल्व्हच्या रबरी नळ्या भरपूर हव्यात, मागच्या वेळी दुपारीच संपल्या होत्या. आणि सर, त्या दादांना विचारा, शनिवारी रात्री माझ्यासकट आम्ही चौघी त्यांच्याकडे मुक्कामाला आलो तर चालेल का. पैसे आजच पाठवते.

गोदाकाठी | २५ फेब्रुवारी २०२२

६ तारीख पक्की. सायकलने येणारे पहाटे साडेपाचला सोमेश्वरच्या वळणावर जमा, वाघेरा घाट उन्हाच्या आत चढायचाय. उभे पंप किमान तीन लागतील, एक माझा. बाकीचे कोण आणतंय ते इथेच लिहा.